अंधारात उजळणारी पूड : झिंक सल्फाइड आणि लघुउद्योगाची शिस्त

(लघुउद्योजक, अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वसई रोड, नालासोपारा किंवा विरार यांपैकी कोणत्याही स्थानकाबाहेर पडले की मोटारसायकलींना अक्षरे व पट्ट्या चिकटवून देणारी लहान दुकाने दिसतात. त्यांवरील पाटीवर हमखास एक शब्द असतो : 'रेडियम'. रात्री दिव्याच्या झोतात चमकणारी पट्टी म्हणजे रेडियम. मुलांच्या खोलीच्या छताला चिकटवलेल्या, दिवा मालवल्यावर हिरवट उजळणाऱ्या चांदण्या म्हणजेही रेडियम. अंधारात उजळणारी गणेशमूर्ती असो की जपमाळेचे मणी असोत, त्यांनाही लोक याच नावाने ओळखतात. वास्तविक यांपैकी एकाही वस्तूत रेडियम नाही. वाहनावरील पट्टी स्वतः उजेड देत नाही. तिच्यातील काचेचे सूक्ष्म मणी किंवा लोलक समोरून आलेला प्रकाश परत फिरवितात, इतकेच. चांदण्या, मूर्ती आणि मणी यांची गोष्ट निराळी आहे. ते प्रकाश साठवून ठेवतात व अंधारात तो हळूहळू परत देतात. या गुणामागे असलेल्या पदार्थांना शास्त्रज्ञ 'फॉस्फर' म्हणतात. फॉस्फरस या मूलद्रव्याशी नावापुरताच त्यांचा संबंध आहे. या कुळातील एक जुना व दीर्घकाळ उपयोगात राहिलेला औद्योगिक पदार्थ म्हणजे झिंक सल्फाइड, अर्थात जस्त व गंधक यांचे संयुग.

ही पूड लहान शेडमध्ये तयार करता येईल काय, असा प्रश्न उद्योजकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. वसई-विरार परिसरात वालीव, सातिवली, गोखिवरे, नवघर अशा ठिकाणी लघुउद्योगांच्या वसाहती आहेत. प्लॅस्टिकच्या वस्तू, पेन, खेळणी, रंग यांच्या धंद्यात वावरणाऱ्या माणसाला अशा पुडीचे आकर्षण वाटणारच. भट्टी, मूस, चाळणी, सुकवण्याची कपाटे एवढीच मुख्य साधने लागतात. परंतु साधने साधी असली तरी हा उद्योग साधा नाही. जी स्वच्छता मालाला लागते, तीच कामगाराच्या जिवाला आणि बाहेरच्या नाल्यालाही लागते. या तीन स्वच्छता वेगवेगळ्या करता येत नाहीत, हेच या विवेचनाचे सार आहे.

नावामागचा इतिहास

सतराव्या शतकाच्या आरंभी इटलीतील बोलोन्या शहरात विन्चेन्झो कास्कारिओलो नावाच्या चर्मकाराने, किमयेच्या नादात, जवळच्या डोंगरातील जड दगड कोळशाबरोबर भाजला. सोने हाती आले नाही. पण भाजलेला दगड उन्हात ठेवून अंधारात नेला असता उजळू लागला. तो बेरियम सल्फाइडचा प्रकार होता. पुढे १८६६ मध्ये थिओडोर सिदो या फ्रेंच रसायनज्ञाने उष्णतेच्या साहाय्याने झिंक सल्फाइडचे स्फटिक मिळविले आणि तेही अंधारात उजळतात असे दाखविले. १९०३ मध्ये विल्यम क्रुक्स यांच्या ध्यानात आले की, रेडियममधून निघणारे कण झिंक सल्फाइडच्या पडद्यावर आदळले म्हणजे प्रत्येक आघातागणिक एक सूक्ष्म ठिणगी दिसते. अशाच पडद्यावरील ठिणग्या अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकातून मोजत हान्स गायगर व अर्नेस्ट मार्सडेन यांनी मँचेस्टर येथे १९०९ मध्ये आपले प्रसिद्ध प्रयोग केले. त्यांवरून १९११ मध्ये रदरफर्ड यांनी अणूच्या पोटात केंद्रक असल्याचा निष्कर्ष मांडला. शाळेतील प्रत्येक विद्यार्थी अणुकेंद्रकाविषयी शिकतो; ते ज्या पडद्यामुळे सापडले तो पडदा या पुडीचा होता, हे मात्र त्याला सहसा सांगितले जात नाही.

याच शोधातून एक व्यापारी कल्पना निघाली. झिंक सल्फाइडच्या पुडीत किंचित रेडियम मिसळले तर सूर्यप्रकाशाची गरजच उरत नाही. रात्रंदिवस उजेड मिळतो. घड्याळांच्या तबकड्यांवर असा रंग लावण्याचे कारखाने पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत निघाले. न्यू जर्सी राज्यातील ऑरेंज येथील कारखान्यात तरुण मुली कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरून ओढीत. रंग निरुपद्रवी आहे, असे त्यांना सांगण्यात आले होते. प्रत्येक वेळी थोडे रेडियम पोटात जाई आणि हाडांत जाऊन बसे. काही वर्षांनी जबडे झडू लागले, हाडे मोडू लागली, अनेकींना मृत्यू आला. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सहकारिणींनी न्यायालयात दाद मागितली. १९२८ मध्ये त्यांच्याशी तडजोड झाली. व्यवसायजन्य रोगाबद्दल मालकाची जबाबदारी ठरविण्याच्या इतिहासात या लढ्याला मोठे स्थान आहे.

या प्रकरणातील आणखी एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. रेडियमच्या किरणांच्या सततच्या माऱ्याने झिंक सल्फाइडचे स्फटिक बिघडत जातात. त्यामुळे जुन्या तबकड्या काही वर्षांतच मंद होऊन विझतात. रेडियमचे अर्धायुष्य मात्र सुमारे १,६०० वर्षांचे असते. म्हणजे उजेड संपतो, धोका उरतो. आज पाटीवरील 'रेडियम' हा शब्द निरुपद्रवी झाला आहे. पण या पुडीच्या उद्योगाने पहिला धडा कोणत्या किमतीत घेतला, याची तो आठवण देत राहतो.

उजेड साठतो कसा

शुद्ध झिंक सल्फाइड पांढरे असते व रंगकामात पांढरा रंग म्हणूनही वापरले जाते. त्याच्या स्फटिकात अत्यल्प तांबे शिरले की ते हिरवा उजेड देऊ लागते, चांदी शिरली की निळा आणि मँगेनीज शिरले की नारिंगी. या अत्यल्प घटकांना 'सक्रियक' म्हणतात. प्रकाश पडला म्हणजे स्फटिकातील इलेक्ट्रॉन आपली जागा सोडून वरच्या ऊर्जेला जातात. काही लगेच परततात व त्याच क्षणी उजेड देतात. काही वाटेतल्या खळग्यांत अडकतात. शेताच्या पाटाचे पाणी बंद केल्यावरही खाचरातले पाणी जसे हळूहळू झिरपत राहते, तसे हे इलेक्ट्रॉन सभोवारच्या उष्णतेच्या बळावर एकेक करून सुटत राहतात. तोच अंधारातला उजेड होय.

हे तत्त्व शाळेत दाखविण्यास खर्च येत नाही. बाजारात मिळणाऱ्या उजळत्या चांदण्या घ्याव्यात. एकीवर लाल काचकागदातून व दुसरीवर निळ्या काचकागदातून सारखाच वेळ प्रकाश पाडावा. लाल प्रकाशातील चांदणी जवळजवळ उजळत नाही, कारण लाल प्रकाशाच्या कणांत इलेक्ट्रॉनला वर उचलण्याइतकी ऊर्जा नसते. मग सारख्या उजेडात ठेवलेल्या दोन चांदण्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एक कोमट व दुसरी बर्फाच्या पाण्यात बुडवावी. कोमट पाण्यातील चांदणी अधिक तेजस्वी दिसते, परंतु लवकर विझते. थंड पाण्यातील मंद असते, पण तिचा साठा अधिक वेळ टिकतो. पुंजवादाचा पहिला पाठ यापेक्षा सोप्या रीतीने देता येणे कठीण आहे.

पूड तयार होते ती रीत

झिंक सल्फेट शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. भातपिकात जस्ताची उणीव पडली म्हणजे ते जमिनीत घालतात. फॉस्फरसाठीही सुरुवात त्याच क्षारापासून होते. मात्र खताच्या प्रतीचे झिंक सल्फेट येथे कामाचे नाही. त्यात लोह असते. प्रथम क्षाराचे द्रावण करून त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात, म्हणजे लोहाचे रूप बदलते. नंतर झिंक ऑक्साइडने आम्लता कमी केली की लोहाचा गाळ खाली बसतो. तो गाळून टाकल्यावर जस्ताची शुद्ध भुकटी घालतात. तांबे, कॅडमियम, शिसे, निकेल यांसारखे धातू तिच्यावर चढून द्रावणातून बाहेर पडतात. पुढे पुन्हा गाळणी. यापुढचे सर्व काम क्षारविरहित पाण्यातच करावे लागते. विहिरीचे, टँकरचे किंवा नळाचे पाणी सरळ वापरून चालत नाही.

शुद्ध द्रावणात हायड्रोजन सल्फाइड वायू सोडला असता झिंक सल्फाइडचा पांढरा साका तयार होतो. आम्लता वाढत गेली तर साका पूर्ण बसत नाही, म्हणून ती सतत आटोक्यात ठेवावी लागते. साका धुऊन, सुकवून त्यात सक्रियक व थोडे मीठ किंवा तत्सम क्लोराइड मिसळतात. क्लोराइड स्फटिक वाढण्यास साहाय्य करते. हे मिश्रण सिलिकाच्या मुशीत घालून, हवेचा संपर्क टाळून, ९०० ते १,२०० अंश सेल्सियसपर्यंत तापवितात. हवा लागली तर झिंक सल्फाइडचे झिंक ऑक्साइड होते व गंधकाचा वायू बाहेर पडतो. १,०२० अंशांच्या आसपास स्फटिकाची घडणच बदलते. म्हणून भट्टीचे तापमान व वेळ यांत हयगय चालत नाही. निवालेला गोळा अतिनील दिव्याखाली तपासतात, निस्तेज भाग वेगळा काढतात, उरलेला भाग धुऊन, सुकवून चाळतात. तो खलात जोराने कुटता येत नाही, कारण स्फटिक चिरडले की उजेडही मरतो. ज्या उद्योगात माल बारीक करणे म्हणजे माल बिघडवणे, तेथे अंगातील बळापेक्षा हातातील धीर उपयोगी पडतो.

कणभर गंज

या उद्योगाचे गणित समजण्यास दोन आकडे पुरेत. शंभर किलो पुडीत दहा हजारांत एक भाग तांबे हवे असेल, तर ते भरते अवघे दहा ग्रॅम, म्हणजे सराफाच्या आजच्या हिशेबाने एक तोळा. शंभर किलोंच्या प्रत्येक कणात हा एक तोळा सारखा पोचला पाहिजे. म्हणून ते तांबे द्रावणाच्या रूपात घालतात. दुसरा आकडा अशुद्धीचा. दहा लाखांत काही भाग एवढे लोह किंवा निकेलदेखील उजेड मंद करते. तांदळाच्या एका दाण्याइतक्या वजनाचा गंज एक किलो पुडीत पडून भट्टीत गेला, तर लोहाचे प्रमाण दहा लाखांत दहा भागांच्या पुढे जाते.

वसईची हवा खारी आहे. पावसाळ्यानंतर शेडचे पत्रे, खिडक्यांचे गज, कपाटांच्या बिजागऱ्या गंजतात. छतावरून खाली पडणारी तांबूस धूळ इतर उद्योगांत झाडून टाकण्याची गोष्ट असते. येथे ती अख्खा घाणा वाया घालवते. म्हणून लोखंडी फावडे, लोखंडी चाळणी, गंजका पंखा यांना या कामात स्थान नाही. भांडी काचेची, प्लॅस्टिकची किंवा एनॅमलची हवीत. शेजारी लोखंड घासण्याचा कारखाना असेल, तर जागाच बदललेली बरी. दारातून येणाऱ्या कामगाराची चप्पल बाहेर राहिली पाहिजे आणि डबा खाण्याची जागा वेगळी असली पाहिजे. ही पूड अशा रीतीने स्वतःच आपल्या कारखान्याची तपासणी करते. खोटा अहवाल तिला चालत नाही, कारण अंधाऱ्या खोलीत निकाल डोळ्यांसमोर येतो.

वायूचा हिशेब

मालाच्या स्वच्छतेचा निकाल असा चटकन दिसतो. कामगाराच्या सुरक्षिततेचा मात्र अपघात झाल्यावरच दिसतो. म्हणून तिचा हिशेब आधी मांडावा लागतो. शंभर किलो झिंक सल्फाइडसाठी सुमारे २९५ किलो स्फटिकी झिंक सल्फेट आणि सुमारे ३५ किलो हायड्रोजन सल्फाइड वायू लागतो. साध्या तापमानाला या वायूचे आकारमान जवळजवळ २५ घनमीटर भरते. हवेत दहा लाखांत शंभर भाग एवढे त्याचे प्रमाण झाले, तर जिवाला तात्काळ धोका मानला जातो. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद व पाच मीटर उंच अशी शेड धरली, तर हा ३५ किलो वायू तशा सुमारे ५०० शेडमधील हवा त्या पातळीपर्यंत दूषित करण्यास पुरेसा आहे. सर्व वायू एकदम सुटणार नाही, हे खरे. परंतु किती पुरतो हे ठाऊक नसेल, तर किती जपावे हेही कळत नाही.

या वायूला कुजलेल्या अंड्याचा वास असतो आणि तो अत्यल्प प्रमाणातही जाणवतो. त्यामुळे 'वास आला की बाहेर पडू' अशी समजूत होते. ही समजूत घातक आहे. प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच बधिर होते. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला असे वाटते, आणि माणूस त्याच जागी कोसळतो. वायू हवेपेक्षा जड असल्याने खड्डा, टाकी, गटार यांच्या तळाशी साठतो. कोसळलेल्याला काढण्यासाठी साथीदार उतरतो व तोही वर येत नाही. भोपाळच्या १९८४ मधील दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात घातक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. तेव्हा या वायूची आठ तासांच्या कामासाठीची मर्यादा दहा लाखांत दहा भाग ठेवण्यात आली होती. वायुमापक यंत्र, बंद पात्र, निघणारा वायू दाहक सोड्याच्या द्रावणात शोषून घेणारा मनोरा, श्वसनसाधन व दोन माणसांची पाळी यांवाचून हे काम सुरूच होऊ नये. एका माणसाला रात्रपाळीत एकटा ठेवून केलेली बचत ही बचत नव्हे.

यावर एक व्यवहार्य तोड आहे. नव्या लघुउद्योजकाने वायूची पायरी स्वतःकडे घेऊच नये. शुद्ध झिंक सल्फाइड तयार विकत घ्यावे आणि आपल्या शेडमध्ये सक्रियक मिसळणे, भाजणे, तपासणे, चाळणे व पुढे रंगात किंवा प्लॅस्टिकच्या दाण्यांत मिसळणे एवढेच काम करावे. नफ्याचा काही भाग दुसऱ्याकडे जातो. परंतु सर्वांत मोठा धोका दाट वस्तीच्या शेजारी येत नाही. भट्टीतून निघणाऱ्या गंधकाच्या वायूची व्यवस्था मात्र तेथेही लागतेच.

नाल्यातले पाणी

रसायनशास्त्राचा हिशेब कोणाला चुकत नाही. झिंक सल्फेटमधून शंभर किलो झिंक सल्फाइड खाली बसते, तेव्हा द्रावणात जवळजवळ शंभर किलो गंधकाम्ल मागे उरते. जेवढा माल तेवढेच आम्ल. ते निववण्यासाठी सुमारे ५८ किलो चुनकळी लागते आणि त्यातून सुमारे १७५ किलो जिप्समचा गाळ निघतो. ज्या उद्योजकाच्या प्रकल्प अहवालात चुन्याचा खर्च व गाळ ठेवण्याची जागा लिहिलेली नाही, त्याने ते आम्ल कोठे सोडण्याचे ठरविले आहे, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे.

पर्यावरण संरक्षणाच्या सर्वसाधारण मानकांनुसार नदी-नाल्यात सोडावयाच्या सांडपाण्यात दर लिटरला सल्फाइड २ मिलिग्रॅम व जस्त ५ मिलिग्रॅम यांपेक्षा अधिक असू नये, आणि सामू ५.५ ते ९ यांच्या दरम्यान असावा. १९७० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती उद्योग उभारण्यापूर्वी व तो सुरू करण्यापूर्वी घ्यावी लागते. परंतु कागदावरील संमतीने पाणी निवळत नाही. वसईच्या पूर्वेकडील नाल्यांचे पाणी भरती-ओहोटीबरोबर हलत शेवटी खाडीला मिळते. खाडीवर मासेमारी आहे, काठाने मिठागरे आहेत, पश्चिमेकडे केळी, पानवेली व फुलांच्या वाड्या विहिरींच्या पाण्यावर उभ्या आहेत. शेडमध्ये शिरणारे पाणी क्षारविरहित करण्यासाठी पैसे मोजणाऱ्याने बाहेर जाणारे पाणी मात्र आम्लयुक्त सोडावे, हे न्यायाला धरून नाही आणि व्यवहारालाही धरून नाही.

आणखी एक धोका डोळ्यांआड राहतो. एका शेडमधून सल्फाइडचा गाळ आणि दुसऱ्या शेडमधून आम्लाचे पाणी एकाच गटारात आले, तर गटारातच हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. मग तो वायू कारखानदाराला नव्हे, तर गटार साफ करण्यास आलेल्या कामगाराला गाठतो. संरक्षक साधनांवाचून गटारात माणूस उतरविण्यास २०१३ च्या केंद्रीय कायद्याने मनाई केली आहे. त्या कायद्याचे पालन करणे हे नगरपालिका-महापालिकांचे कर्तव्य आहे, तसेच त्या गटारात काय येते हे पाहणे वसाहतीतील प्रत्येक गाळेधारकाचे कर्तव्य आहे.

बाजार बदलला आहे

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले व १९८२ मध्ये देशात रंगीत प्रक्षेपण आले. त्या काळातील दूरचित्रवाणी संचाच्या काचेच्या नळीत आतील बाजूस हीच पूड लावलेली असे. रंगीत पडद्यावरील निळा ठिपका चांदीमिश्रित झिंक सल्फाइडचा असे, आणि हिरवा ठिपका तांबेमिश्रित झिंक सल्फाइडचा किंवा त्याच्या जवळच्या प्रकाराचा. सपाट पडदे आले आणि ती बाजारपेठ संपली. १९९३ च्या सुमारास जपानमधील नेमोतो कंपनीने स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट हा नवा पदार्थ पुढे आणला. त्याचा उजेड झिंक सल्फाइडच्या सुमारे दसपट तेजस्वी व दीर्घ असतो. रात्रभर तो डोळ्याला जाणवतो. झिंक सल्फाइडची पूड मात्र एक-दोन तासांत थकते.

असे असले तरी जुना पदार्थ निकामी झालेला नाही. झिंक सल्फाइड नरम असल्याने प्लॅस्टिक ओतण्याच्या यंत्राचे पोलाद झिजवीत नाही. स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट कठीण असल्याने धातू खरवडून काळपट होते. झिंक सल्फाइड पाण्यात टिकते. नव्या पदार्थावर लेप नसेल तर तो पाण्याने बिघडतो. उलट ऊन व दमट हवा एकत्र आली की झिंक सल्फाइड करडे पडते. म्हणून ते घराबाहेरच्या पाट्यांना योग्य नाही. पूर्वी पिवळसर रंगासाठी त्यात कॅडमियम मिसळीत. ते विषारी असल्याने आता त्याचा मोह टाळलाच पाहिजे. अल्फा किरणांची मोजणी हे या पुडीचे शतकापूर्वीचे काम आजही चालू आहे. अणुऊर्जेच्या व इंधन प्रक्रियेच्या केंद्रांत, तसेच हवेतील रेडॉन मोजण्यासाठी, चांदीमिश्रित झिंक सल्फाइडचे शोधक वापरतात. देशातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ पासून ज्या तारापूरला आहे, ते याच पालघर जिल्ह्यात आहे.

याचा अर्थ असा की, नव्या उद्योजकाने एकाच पदार्थावर भिस्त ठेवू नये. मुशी, भट्ट्या, तपासणीची अंधारी खोली आणि स्वच्छतेची शिस्त ही साधने अनेक फॉस्फरांना सारखीच लागतात. पदार्थ बदलतील, शिस्त बदलणार नाही.

उजेडाची गरज कोठे आहे

२३ एप्रिल २०२१ रोजी पहाटे विरारमधील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागास आग लागून डझनाहून अधिक रुग्ण मृत्युमुखी पडले. अंथरुणास खिळलेल्या त्या रुग्णांना कोणत्याही उजळत्या पाटीने वाचविले असते, असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. तेथे प्रश्न विजेच्या व अग्निशमनाच्या व्यवस्थेचा होता. परंतु चालू शकणाऱ्या माणसाला धुरात व अंधारात जिना सापडणे हा स्वतंत्र प्रश्न आहे, आणि त्यावर ही पूड उपयोगी पडते. न्यूयॉर्क येथील जागतिक व्यापार केंद्रात १९९३ च्या स्फोटानंतर जिन्यांत उजळणाऱ्या पट्ट्या लावल्या गेल्या. २००१ मध्ये बाहेर पडणाऱ्यांना त्यांचा उपयोग झाला. पुढे त्या शहराने २००४ च्या स्थानिक कायद्याने उंच कार्यालयीन इमारतींत अशा खुणा सक्तीच्या केल्या. प्रवासी जहाजांच्या मार्गिकांत जमिनीलगत उजळणाऱ्या खुणा असाव्यात, यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९३ मध्ये मार्गदर्शन केले. जमिनीलगत एवढ्यासाठी की, धूर वर चढतो आणि माणूस खाली वाकून चालतो.

वसई-विरारमध्ये अशा खुणांची उपयुक्तता वेगळी पटवून देण्याची गरज नाही. जुलै २०१८ च्या पुरात लोहमार्ग पाण्याखाली गेले आणि अनेक वस्त्या अंधारात राहिल्या. मे २०२१ च्या तौक्ते वादळातही अनेक भागांचा वीजपुरवठा खंडित झाला. शाळा, रुग्णालये, पंचायतीची सभागृहे यांच्या जिन्यांवर व दारांवर बॅटरीवाचून उजळणारी खूण असणे ही चैन नव्हे. मात्र खुणेसाठी अधिक काळ उजळणारा पदार्थ निवडावा, आणि दिवसा तेथे पुरेसा प्रकाश पडत असेल याची खात्री करावी. कायम अंधाऱ्या जिन्यात लावलेली पट्टी रात्री काहीच देत नाही, कारण दिवसा तिला काहीच मिळालेले नसते.

प्रत्येकाचे काम

जिल्हा उद्योग केंद्रातील अधिकाऱ्याने प्रकल्प अहवाल पाहताना यंत्रांच्या किमतीबरोबर चुना, वायुशोषक मनोरा व वायुमापक यांचे रकाने भरले आहेत की नाहीत, ते पाहावे. पंचायत सदस्याने, कारखान्याचा प्रस्ताव ग्रामपंचायतीसमोर येईल तेव्हा, तीन साधे प्रश्न विचारावेत : वायू कोठे तयार होणार? आम्ल कशाने निववणार? गाळ कोठे ठेवणार? यांची लेखी उत्तरे मिळेपर्यंत ठराव पुढे ढकलण्यात विकासाला विरोध होत नाही. शिक्षकाने चांदण्यांचा प्रयोग दाखवून झाल्यावर ऑरेंजच्या कारखान्यातील मुलींची कथाही सांगावी. कारण आज वर्गात बसलेली मुले-मुलीच उद्या या शेडमध्ये कामाला जाणार आहेत आणि काम कसले आहे, हे विचारण्याची सवय त्यांना शाळेतच लागली पाहिजे. उद्योजकाने तर एवढेच ध्यानात ठेवावे की, ज्या हाताने तो दहा लाखांतला एक भाग लोह वेचून काढतो, त्याच हाताला नाल्यातील आम्ल व शेडमधील वायू आवरणे अशक्य नाही.

अंधारात उजळणारी ही पूड लोकांच्या घरी जाईल तेव्हा ती कोणाच्या फुप्फुसाची किंवा कोणाच्या विहिरीची किंमत घेऊन आलेली नसावी. वसईच्या शेडमधून असा माल निघणे शक्य आहे. त्यासाठी लागणारे ज्ञान उपलब्ध आहे. चुन्याची गोणी, वायुमापक आणि दुसऱ्या माणसाची पाळी यांचा खर्च पहिल्याच दिवशी हिशेबात धरला पाहिजे.